घरगुती कॅसेट अल्बम: आधी मशीन, मग फीत, आवाज शेवटी

घरी भरलेल्या कॅसेटी आमच्याकडे ऐकायला येतात. त्यांत कल्पना चिकार असतात. घोटाळा होतो तो दुसरीकडेच. बाजू संपते आणि गाणं मध्येच तुटतं. आपल्या मशीनवर खणखणीत वाजणारी कॅसेट मित्राच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या मशीनवर) घोंगडं पांघरल्यागत वाजते. बाजाची पेटी वाजवून भरलेल्या थरावर दुसरा थर चढवायला जावं, तर सूर जुळत नाही. तिन्ही दोषांचं मूळ क्रमात आहे. आवाज सुचला की लाल बटण दाबायची घाई होते, आणि जे आधी ठरायला हवं होतं ते फितीवर कायमचं बसून जातं.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांचा खटखटाट, कौलांवरचा पाऊस आणि घरातली जुनी पेटी एवढ्या भांडवलावर आम्ही असा एक अल्बम केला. तो बरा झाला की वाईट, हे ऐकणाऱ्यांनी ठरवावं. त्या कामातून जो क्रम पक्का झाला, तो इथे देत आहोत. टप्पे गाळू नका आणि पुढेमागेही करू नका.

१. बाजू आधी मोजा

कोरी सी-६० घ्या. दर बाजूला ३० मिनिटं. बहुतेक कॅसेटींत थोडी फीत जास्त असते, पण तिच्यावर हिशेब बांधू नका. २८ मिनिटंच आपली समजा. सुरुवातीला चुंबकीय थर नसलेली पांढरी किंवा पारदर्शक पट्टी असते. ती सरकायला पाचेक सेकंद जातात आणि तिच्यावर काहीही भरलं जात नाही. पहिलाच शब्द गिळलेल्या कॅसेटी असतात त्या यामुळे. पेन्सिलीने पट्टी पुढे फिरवून तपकिरी फीत तोंडाशी आणा, मग भरा.

सी-९० घेऊन "जास्त मावेल" असा विचार करू नका. सी-६०ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९०ची १२, आणि सी-१२०ची ९च्या आसपास. घरातल्या जुन्या मशीनचं रबर कडक झालेलं असलं की पातळ फीत आधी गुंतते. सी-१२०ला तर हातच लावू नका.

आता वहीत दोन उभे रकाने आखा, ए आणि बी. प्रत्येक तुकड्याची अंदाजे लांबी लिहा आणि बेरीज करा. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ए बाजूचा आवाज शेवटाच्या पाच मिनिटं आधीच संपला आणि ऐकणाऱ्याने तिथेच कॅसेट उलटली, तर बी बाजू पाच मिनिटं पुढून सुरू होते. म्हणून ए बाजू फितीच्या अगदी टोकापर्यंत भरलेलीच हवी. तिच्या शेवटी असा तुकडा ठेवा जो कुठेही तुटला तरी चालेल: तंबोऱ्याचा झंकार, पाऊस, फिरतं आवर्तन. मोकळी जागा ठेवायचीच तर ती बी बाजूच्या शेवटाला.

२. मशीन एकच, आणि तेही आधी दुरुस्त

अल्बम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मुख्य मशीन बदलायचं नाही. दोन मशीनचा वेग कधीच तंतोतंत सारखा नसतो, आणि हेडचा, म्हणजे फितीवर आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा, कोनही.

आवाजाची पातळी हाताने कमी-जास्त करता येणारा डेक असेल तर उत्तम. जुना टू-इन-वन बाहेरचे आवाज टिपायला आणि मुद्दाम खरबरीत पोत आणायला ठेवा. चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं, मशीन (टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ १९७९ साली आलं, नंतर इतरांचीही आली) कुणाकडे मिळालं तर नशीब समजा, पण त्यावाचून अडत नाही. हल्ली मिळणारी नवी स्वस्त मशीनं आम्हाला पसंत नाहीत. त्यांच्यापेक्षा गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे धूळ खात पडलेला जुना डेक नवा बेल्ट घालून घेतलेला बरा.

दुरुस्तीचा क्रम असा.

बेल्ट: वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमध्ये रबरी बेल्ट विरघळून डांबरासारखा झालेला असतो. तो पुसून काढल्याशिवाय नवा घालू नका. बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजा. नवा बेल्ट त्याहून साधारण पाच टक्के आखूड हवा. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सची ओ-रिंग हव्या त्या मापाची मिळते, म्हणून कुणीतरी तीच सुचवतं. चौकोनी खाचेच्या छोट्या पुलीवर ती एखादे वेळी चालून जाते, पण चपट्या मुख्य बेल्टच्या जागी घालू नका, वेग डुलायला लागेल.

सफाई: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून आणा. कापसाच्या काडीने हेड आणि त्याच्या शेजारची चकचकीत उभी दांडी पुसा. काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन हेडवर बसतं. रबरी चाक म्हणजे पिंच रोलर ओलसर फडक्याने, हवं तर साबणाच्या पाण्याच्या थेंबाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

चुंबक: टोकाला चुंबक असलेला स्क्रू-ड्रायव्हर हेडजवळ न्यायचा नाही. डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये उरलेलं चुंबकत्व घालवणारं यंत्र) असेल तर मशीन बंद करून, कॅसेटी दुसऱ्या खोलीत ठेवून, दूरवर चालू करा, हळू जवळ आणा, हळू दूर न्या आणि लांब गेल्यावरच बंद करा. हेडपाशी असताना बंद केलंत, तर होतं त्यापेक्षा बिघडवून ठेवाल.

वेग: स्वतःच भरून स्वतःच वाजवलं तर वेगातला दोष कधीच कळत नाही, कारण चुकलेल्या वेगाने भरलेलं त्याच वेगाने वाजतं. यावर घरगुती उपाय आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. टाकाऊ कॅसेटमधली बरोबर ४ मीटर ७६ सेंटिमीटर फीत कापा, दोन्ही टोकांना पांढऱ्या पट्टीचे तुकडे जोडा आणि रिकाम्या सांगाड्यात गुंडाळा. आता सगळ्या लांबीवर रेडिओची खरखर भरून घ्या. पांढऱ्या पट्टीवर काही भरलं जात नाही, म्हणून वाजवताना खरखर नेमकी १०० सेकंद ऐकू यायला हवी. ९७ सेकंदांत संपली तर मशीन तीन टक्क्यांनी पळतंय, १०३ लागले तर तितकंच रेंगाळतंय. बऱ्याच मोटारींच्या पाठीमागे बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. प्लॅस्टिकच्या दांडीच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवा, पुन्हा मोजा.

हेडचा कोन, म्हणजे अझिमथ: हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला स्क्रू असतो. कंपनीने भरलेली, चांगल्या अवस्थेतली जुनी कॅसेट लावा. टाळ किंवा झांज असलेला तुकडा निवडा आणि मोनोवर ऐका. स्क्रू किंचित इकडे-तिकडे करून टाळ जिथे सर्वांत स्वच्छ वाजेल तिथे थांबा. पूर्ण वळसा द्यायची वेळ कधीच येत नाही. झालं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

सावधान: अल्बमचं काम सुरू झाल्यावर या स्क्रूला कुणी हात लावायचा नाही. मध्येच कोन बदलला तर आधी भरलेलं सगळं बंद-बंद वाजेल, आणि दोष फितीचा वाटेल.

तपासा: आपण भरलेला तुकडा दुसऱ्या कुठल्याही बऱ्या मशीनवर वाजवून पाहा. टाळ तिथेही टाळासारखा वाजला की पुढच्या टप्प्याला लागा.

३. फीत निवडताना

पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते, तर कपाटातल्या कॅसेटीची काय कथा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर जुनी कॅसेट उजेडात धरून पाहिल्याशिवाय मशीनमध्ये घालूच नये. गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट बाजूला. एक बुरशीची फीत हेडला लागली की ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला वाटत जाते.

तोंडातून आत डोकावून फेल्टचा छोटा चौकोन जागेवर आहे का ते बघा. तो फितीला हेडवर दाबून धरतो. निखळला असेल तर आवाज येतो, जातो.

साधी फेरिक फीत, म्हणजे टाइप १, या कामाला पुरते. पाठीच्या कडेला पुसण्यापासून बचावाच्या खाचांना लागून आणखी दोन खाचा असल्या तर ती टाइप २. टू-इन-वनमध्ये टाइप २ नीट भरत नाही, कारण तिला लागणारा जादा बायस (भरताना आवाजात मिसळला जाणारा, ऐकू न येणारा उच्च कंपनांचा प्रवाह) तिथे मिळत नाही. दोन जाती एका अल्बममध्ये मिसळू नका.

पडून राहिलेली कॅसेट भरण्यापूर्वी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळवा. घट्ट-सैल झालेली गुंडाळी सारखी होते आणि आत चिकटलेले वेढे सुटतात. जुन्या भजनाच्या कॅसेटवर भरणार असाल तर घरात एकदा विचारा. आजोबांचा आवाज त्यातच असायचा, आणि तो दुसरीकडे कुठेच नसायचा.

४. आवाज गोळा करणे

परवानगी आधी. माग चालवणाऱ्या काकांना आम्ही कशासाठी आलोय ते सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग माग बंद करू काय? तुमचं बोलणं ऐकू येईना की." नको काका, मागच हवाय, म्हटल्यावर ते हसले, पण दार उघडून दिलं. भजनी मंडळ असो, सौंदत्तीच्या वाटेवरचं चौंडकं (एका तारेचं लोकवाद्य) असो, माणसांचा आवाज भरताना तो कॅसेटवर जाणार आहे, प्रती निघणार आहेत, हे स्पष्ट सांगा. नाही म्हटलं तर मशीन पिशवीत. लाऊडस्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत असताना काही भरू नका. ते दुसऱ्याचं आहे आणि नंतर वेगळं काढता येत नाही. कॅम्प भागात लष्करी हद्दीपाशी आणि सांबऱ्याच्या विमानतळाजवळ माईक घेऊन उभं राहायचं कारणच नाही.

आता तंत्र. टू-इन-वनच्या आतल्या माईकला आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सवय असते. मोठा आवाज आला की मशीन सगळंच दाबतं, शांत झालं की हळूहळू वर उचलतं, आणि त्यासोबत मोटारीची घरघरही वर येते. नुसतं बोलणं भरायचं असेल तर हा दोष. मागाजवळ मात्र याच दोषाने आवाज श्वास घेतल्यासारखा खालीवर होतो, आणि आमच्या ए बाजूचा निम्मा जीव त्यात आहे. तो हवाय की नको हे आधी ठरवा, कारण नंतर काढता येत नाही.

यंत्रमागाच्या खोलीत शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. एवढा आवाज माईकच्या पहिल्याच पायरीवर फाटतो. डेकवरची पातळी कमी करून तो फाटका भाग शिवता येत नाही. माईक खोलीबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे ठेवा. वाऱ्यासाठी माईकवर सुती रुमाल. मशीन हातात धरू नका, जमिनीवर जाड चादरीची घडी घालून तिच्यावर ठेवा.

पाऊस भरताना पत्रा टाळा. पत्र्यावरचा पाऊस फितीवर निव्वळ खरखर होतो, ऐकणाऱ्याला मशीनच बिघडल्यासारखं वाटतं. कौलांवरचा पाऊस, पागोळ्यांखाली ठेवलेली घागर, पन्हळीतून पडणारी धार, यांत थेंब वेगळे ऐकू येतात. लोंढ्याकडे जाणारी गाडी भरायची असेल तर रेल्वे गेटपासून लांब थांबा. ती येण्याआधीची आणि गेल्यानंतरची शांतताही भरा, जोडताना तीच उपयोगी पडते.

घरात भरताना पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप बंद. घूं असा खालचा आवाज येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्‌झ आहे: दोन यंत्रं वेगवेगळ्या प्लगवर असतील तर एकाच बोर्डावर आणा, माईकची वायर अडॅप्टरपासून दूर न्या. सर्वांत सोपं म्हणजे सेलवर भरणं. लाईट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते, कुजबुजही टिपता येते. सेल घातलेलं मशीन तयार ठेवा.

सावधान: सेल उतरलेले असले की मोटार मंद चालते. भरताना काही कळत नाही, पण नंतर नेहमीच्या वेगाने वाजवलं की सगळे सूर चढलेले. बाहेर जाताना नवे सेल, आणि जुने सोबत नेऊच नका, गोंधळ होतो.

प्रत्येक कॅसेटवर तिथल्या तिथे लिहा: ठिकाण, कशाचा आवाज, काउंटरचा आकडा. "नंतर लिहू" म्हटलं की पाच कोऱ्या दिसणाऱ्या कॅसेटींतून एक आवाज शोधत बसावं लागतं.

५. पातळी

हा टप्पा छोटा आहे, पण फोनवर भरायची सवय असलेले सगळे इथे अडखळतात. फोनवर पातळी खाली ठेवून नंतर वाढवता येते. फितीवर खाली ठेवलंत तर वाढवताना खरखरही तितकीच वाढते. सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटरची सुई शून्यावर, क्वचित +३पर्यंत जाऊ द्या.

अपवाद टाळ, झांज, घुंगरू, चिपळ्या. एवढ्या कमी वेगाच्या फितीवर बारीक, चढे आवाज लवकर दाटतात. सुई शून्याला टेकलेली नसतानाही टाळ फसफसतो. अशा आवाजांना −५च्या आसपास थांबवा. ढोल, पेटीचा खर्ज, माग यांना थोडं पुढे रेटलं तरी चालतं, उलट त्यांना त्याने वजन येतं.

डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करायची सोय) बंद ठेवा. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बी नसलेल्या मशीनवर चिरकी वाजते. उलट केलं तर मंद. ज्यांच्या घरी तुमची कॅसेट वाजणार आहे त्यांच्याकडे बहुधा ते बटणच नसतं.

६. प्रयोग: आवर्तन, थर, उलटं

इथे वेळ काढा. बाकी सगळं यासाठीच चाललंय.

*फिरतं आवर्तन.* वेल्डिंग केलेला नव्हे, पाच स्क्रूंचा सांगाडा घ्या. उघडताना चाकं, रोलर, फेल्ट, आतले पातळ कागद कुठे होते त्याचा फोटो काढून ठेवा. साधारण २५ सेंटिमीटर फीत कापून तिची माळ करा आणि दोन्ही चाकांभोवतून रोलरवरून नेहमीच्या वाटेने फिरवा. तेवढ्या फितीला सव्वापाच सेकंद लागतात. केहरव्याच्या आठ मात्रा त्यात बसवायच्या तर मिनिटाला सुमारे ९१ मात्रांची लय धरा. ठेका आधी मोबाइलच्या मेट्रोनोमवर हाताशी बसवून घ्या.

जोड देताना दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ब्लेडने एकदमच कापा, म्हणजे फट राहत नाही. स्प्लायसिंग टेप, म्हणजे फीत जोडायची खास पट्टीच वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडवर चढतो. पट्टी आतल्या बाजूने लावायची; कॅसेटच्या तोंडातून बाहेर दिसते ती बाजू हेडला घासते, तिला काही चिकटवायचं नाही. माळ फार ताणली तर फिरत नाही, फार ढिली असली तर पिंच रोलरभोवती वेढे घेते. बोटाने ढकलल्यावर अडथळा न होता सरकली पाहिजे. काही डेक डावं चाक फिरत नाही असं पाहून आपोआप थांबतात. अशा वेळी साधा टू-इन-वन जास्त कामाचा.

*पुसल्याशिवाय भरणे.* भरताना फीत आधी पुसण्याच्या हेडवरून जाते, मग भरण्याच्या. पुसण्याच्या हेडवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा बसवला तर जुन्या आवाजावर नवा चढतो आणि जुना पूर्ण जात नाही. वायर तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बऱ्याच मशीनमध्ये त्या हेडची गुंडाळी बायस तयार करणाऱ्या सर्किटचाच भाग असते, ती तुटली की भरणंच बिघडतं. स्वस्त मशीनमध्ये पुसण्याचं हेड म्हणजे नुसता चुंबक असतो. तिथे प्लॅस्टिकने भागत नाही, चुंबकच मागे धरून ठेवावा लागतो.

प्रत्येक नवा थर खालच्या थराची धार खातो, आणि चढे आवाज आधी जातात. म्हणून खालचे, जाड आवाज पहिले: खर्ज, ढोल, माग. टाळ, घुंगरू, कुजबुज शेवटी. आवर्तनावर हे केलं की पहिला ठेका दर फेरीत मागे मागे सरकत जातो. किती फेऱ्यांनी थांबायचं हे कान सांगतो, पण एक फेरी आधीच थांबा.

*उलटा आवाज.* चार ट्रॅकच्या मशीनवर कॅसेट उलटून घातली की भरलेलं उलटं वाजतं, ट्रॅक १ चा ४ होतो आणि २ चा ३. अशी मशीनं दोन्ही बाजूंची जागा एकदम वापरतात, म्हणून त्या कॅसेटला बी बाजू राहत नाही. दुप्पट वेगाने चालणाऱ्या मशीनवर सी-६०मध्ये १५ मिनिटंच मावतात. अर्ध्या वेगाने वाजवलं की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. चौंडक्याची तार तशी ऐकून बघा.

चार ट्रॅक नसतील तर दोन डेक: पहिल्यावरचं वाजवायचं, सोबत नवं वाजवायचं, दोन्ही छोट्या ऑडिओ मिक्सरमधून दुसऱ्यावर भरायचं. दर उतरणीला खरखर वाढते. तिसऱ्या उतरणीपुढे काय ऐकू येतं ते आवडत असेल तरच जा.

सावधान: पेटीचा सूर ठरलेला असतो, तिला चढवता-उतरवता येत नाही. पहिला थर काळी एकमध्ये भरला आणि वाजवणारं मशीन तीन टक्के पळत असलं, तर दुसऱ्या थराची पेटी लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्म्याने खाली लागते. अशा वेळी दोनच मार्ग. पेटी सर्वांत आधी, एकाच बैठकीत भरून मोकळं व्हायचं. नंतर तंबोरा, गळा, तारा मिळवून घ्यायच्या. नाहीतर जिथे पेटी भरली तिथूनच, त्याच मशीनवरून वाजवायचं. तंबोरा "साधारण जुळतोय" असं कुणी म्हणालं तर तो जुळत नाही.

७. मूळ प्रत बांधणे

सगळे तुकडे वेगवेगळ्या कॅसेटींवर तयार झाले की ते क्रमाने एका नव्या कोऱ्या सी-६०वर उतरवायचे. पहिल्या टप्प्यातली वही आता काढा.

डेकवर आधी पॉज, मग रेकॉर्ड, तुकडा सुरू व्हायच्या क्षणी पॉज सोडा. तुकडा संपला की पुन्हा पॉज. स्टॉप दाबलंत तर टक् असा ठोका फितीवर राहतो.

मधलाच एखादा तुकडा दुरुस्त करायला जाऊ नका. पुसण्याचं आणि भरण्याचं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. मध्येच भरायला सुरुवात केली की तेवढ्या फितीवर जुन्याचा अंश नव्याखाली राहतो, आणि थांबल्यावर पुढच्या तुकड्याची तेवढीच सुरुवात पुसली जाते. चुकलं तर त्या तुकड्यापासून पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

दोन तुकड्यांमध्ये पूर्ण शांतता ठेवण्यापेक्षा रिकाम्या खोलीचा किंवा रस्त्याचा आवाज भरा. कोऱ्या फितीची शांतता आणि भरलेल्या फितीची शांतता यांतला फरक हेडफोनशिवायही कळतो.

तपासा: पूर्ण बाजू एकदा, मध्ये न उठता, ऐका. ए बाजू फितीच्या टोकापर्यंत गेली का? मग चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही टॅब मोडा. बाजू तुमच्याकडे तोंड करून धरली की डावीकडचा टॅब त्या बाजूचा. पुढे कधी पुन्हा भरायची वेळ आली तर भोकावर चिकटपट्टी लावली की झालं.

८. प्रती काढणे

मूळ प्रत ऐकायला कुणाला द्यायची नाही. तिच्यावरून प्रती काढायच्या, त्या वाटायच्या. डबल डेकवरचं दुप्पट वेगाचं बटण दिसलं की हात जातोच, पण नको. टाळ आणि घुंगरू आधीच नाजूक झालेले असतात, त्या वेगात आणखी घासले जातात. एका प्रतीला तासभर लागतो. स्वयंपाक, जेवण, बाकीचं काम करता करता प्रती निघतात.

पहिली प्रत निघाली की तिथेच थांबा. ती तीन ठिकाणी वाजवा: एखादा चांगला डेक, घरातला साधा टू-इन-वन आणि जुन्या गाडीतला प्लेअर. गाडीत इंजिनाच्या आवाजात मंद भाग बुडतो, त्याला इलाज नाही. पण टू-इन-वनवर सगळंच बंद वाजत असेल तर दुसऱ्या टप्प्यातली अझिमथची पायरी निसटली आहे. तेव्हा प्रती वाढवत बसू नका.

इनलेवर (डबीतल्या छापील कागदावर) नावांबरोबर हेही छापा: टाइप १, डॉल्बी नाही, ए बाजू शेवटपर्यंत ऐकून मग उलटा. कन्नड वाचणारे शेजारी, मित्र असतातच, त्यांच्यासाठी दोन ओळी कन्नडमध्येही घाला. माग चालवणाऱ्या काकांच्या घरी कॅसेट गेली तर त्यांच्या नातवाला वाचता आली पाहिजे. ज्यांचे आवाज आहेत त्यांची नावं त्यांना विचारून, ते सांगतील तशी लिहा.

९. जपून ठेवणे

मूळ प्रत तयार झाली त्याच आठवड्यात ती संगणकावर उतरवून घ्या, २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइल. खरखर काढायचं सॉफ्टवेअर लावू नका. हवं तर नंतर वेगळ्या प्रतीवर. फाइलच्या नावात मशीनचं मॉडेल आणि "डॉल्बी नाही" एवढं असू द्या.

कॅसेट डबीत, उभी, फीत पूर्ण एका चाकावर गुंडाळलेली. स्पीकरवर किंवा टीव्हीवर ठेवू नका. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या महिन्याला बदला किंवा तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या. ऑक्टोबरात डबा उघडला की आधी गुंडाळीच्या कडा उजेडात बघा, मगच मशीनमध्ये घाला.